सोर्स कोडच्या कमेंटमधले डबल शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले जे विद्यार्थी आणि नोकरदार ओपन सोर्समधला (सगळ्यांना खुल्या कोडमधला) पहिला पॅच (छोटी दुरुस्ती) म्हणून कमेंटमधले (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपांमधले) डबल शब्द, म्हणजे 'द द' सारखे चुकून लागोपाठ दोनदा आलेले शब्द, दुरुस्त करायला घेतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. इंग्रजी शब्द इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत करायचे. आणि 'गिट' म्हणजे इथं दर वेळी आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर, बेळगावच्या उद्यमबागेतलं 'जीआयटी', म्हणजे गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी नव्हे.

डबल शब्द होतो कसा?

बहुतेक वेळा अर्धवट दुरुस्तीतून. कुणीतरी 'ऑफ द लॉक' बदलून 'ऑन द लॉक' करायला जातो, मधला 'द' नव्यानं टाइप करतो आणि जुना पुसायचा राहतो. दुसरी जागा म्हणजे ओळीचा शेवट. ऐंशी अक्षरांत बसवायला कमेंट तोडली की वरच्या ओळीच्या शेवटी 'द' आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा 'द' राहतो. वाचताना डोळा एका ओळीवरून दुसरीवर उडी मारतो, त्यामुळं तो दिसतच नाही. मर्जमध्ये (दोघांचे बदल एकत्र करताना) दोन्ही बाजूंचा मजकूर ठेवला गेला तरी हेच होतं.

स्पेलचेकर किंवा कंपायलर पकडत नाही का?

कंपायलर कमेंट टाकूनच देतो. साधा स्पेलचेकर एकेक शब्द तपासतो, आणि 'द' हा शब्द दोन्ही वेळा बरोबरच असतो. कोडस्पेल या कोडसाठीच्या स्पेलचेकरचंही तसंच, त्याच्याकडं चुकीच्या स्पेलिंगची यादी असते आणि 'द द' त्या यादीत बसत नाही. इमॅक्स या एडिटरचं फ्लायस्पेल मात्र लागोपाठ आलेला तोच शब्द वेगळा दाखवतं. इंग्रजीसाठी 'दॅट' आणि 'हॅड' हे दोन शब्द त्यात मुळातच अपवाद म्हणून ठेवलेत. ते का, हे पुढं येईलच. व्हेल आणि लँग्वेजटूल या भाषा तपासणाऱ्या साधनांतही असा नियम आहे. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) चेकपॅच या पॅच तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही तपासणी २०२० मध्ये आली.

ग्रेपनं (फायलींत मजकूर शोधणाऱ्या आज्ञेनं) शोधायचं तर पॅटर्न काय?

जीएनयू ग्रेपला विस्तारित पॅटर्नचा पर्याय (हायफन, कॅपिटल ई) देऊन असं लिहायचं: बॅकस्लॅश-बी, मग कंसात बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि अधिक चिन्ह, मग बॅकस्लॅश-एस आणि अधिक चिन्ह, मग बॅकस्लॅश-१, शेवटी पुन्हा बॅकस्लॅश-बी. बी, डब्ल्यू, एस ही तिन्ही अक्षरं लहान लिपीत. कॅपिटल डब्ल्यू टाकलं तर अर्थ नेमका उलटा होतो. बॅकस्लॅश-१ म्हणजे 'कंसात जे सापडलं तेच पुन्हा'.

दोन्ही टोकांचं बॅकस्लॅश-बी विसरायचं नाही. ते शब्दाची हद्द दाखवतं. डावीकडचं गाळलं तर 'धिस इज' हे साधं वाक्यही सापडतं, कारण 'धिस'च्या शेवटी 'इज'ची दोन्ही अक्षरं आहेत. उजवीकडचं गाळलं तर 'द थिअरी', 'इन इनटू' अशी शेकडो ओळींची रास समोर पडते. लहान-मोठी अक्षरं सारखी धरायचा पर्याय (लहान आय) जोडा, नाहीतर वाक्याच्या सुरुवातीचा कॅपिटल 'द' सुटेल.

रिपग्रेप (ग्रेपसारखंच दुसरं साधन) वापरत असाल तर त्याचं नेहमीचं इंजिन 'तेच पुन्हा' ही मागणी समजत नाही आणि चूक दाखवून थांबतं. त्याला कॅपिटल पीचा पर्याय द्यावा लागतो.

एवढं करूनही ओळीच्या शेवटचे डबल शब्द सापडत नाहीत. का?

कारण ग्रेप एका वेळी एकच ओळ बघतो. एका ओळीतले सोपे डबल शब्द मोठ्या प्रकल्पांत कुणी ना कुणी आधीच वेचलेले असतात. उरलेला माल ओळींच्या सांध्यातच असतो.

पर्ल या भाषेला 'शून्य-सात-सात-सात' हा पर्याय देऊन पूर्ण फाईल एकदम वाचायला लावा आणि दोन शब्दांच्या मध्ये नवी ओळ, मोकळी जागा आणि कमेंटचं चिन्ह (तारा, दोन तिरप्या रेघा किंवा हॅश) चालेल असं लिहा. तारा फक्त नव्या ओळीनंतरच चालेल असं बांधा. नाहीतर 'एक्स गुणिले एक्स' हा साधा गुणाकारही डबल शब्द म्हणून समोर येईल. कर्नलमध्ये काम करत असाल तर चेकपॅच हा सांधा स्वतःच बघतो. त्याला फाईलचा पर्याय द्या आणि 'टाइप्स'मध्ये 'रिपीटेड अंडरस्कोर वर्ड' सांगा, म्हणजे बाकीच्या सूचनांचा गोंगाट येणार नाही.

सापडला की दोनातला एक उडवायचा, एवढंच ना?

नाही. नव्या माणसाचा पॅच बहुतेक इथंच आपटतो. डबल शब्दातला एक शब्द जास्तीचा असेलच असं नाही. कधी कधी तो दुसऱ्याच शब्दाच्या जागी बसलेला असतो.

'कॉपी डेटा द द बफर' हे घ्या. एक 'द' उडवला तर 'कॉपी डेटा द बफर' उरतं, म्हणजे वाक्य मोडलेलं ते मोडलेलंच. तिथं 'टू द बफर' हवं होतं. 'लेंग्थ इन इन बाइट्स' मध्ये एक 'इन' काढला की झालं, पण 'धिस फील्ड इन इन बाइट्स' मध्ये पहिला 'इन' खरं तर 'इज' आहे. दोन्हीकडं चूक एकच दिसते, औषध वेगळं.

सगळ्यात वाईट 'मस्ट नॉट नॉट बी कॉल्ड'. हा नुसता डबल 'नॉट' आहे, की कुणीतरी नियम उलटा करताना अर्ध्यात सोडलाय? कमेंट वाचून उत्तर मिळत नाही. फंक्शनचं अंग वाचा, ते कुठून बोलावलं जातं ते बघा, गिट ब्लेमनं ती ओळ कोणत्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) आली ते काढा आणि त्याच्या आधीचं रूप वाचा. तरीही खात्री नसेल तर पॅच न पाठवता प्रश्न विचारा.

आणि काही डबल शब्द मुळातच बरोबर असतात. 'नोट दॅट दॅट फ्लॅग' मध्ये पहिला 'दॅट' म्हणजे 'की' आणि दुसरा म्हणजे 'तो'. 'हॅड हॅड' हे शुद्ध व्याकरण आहे. 'लॉग्ड इन इन द बॅकग्राउंड' मध्ये पहिला 'इन' क्रियापदाचा, दुसरा पुढच्या शब्दाचा. 'व्हॉट इट इज इज' कानाला खटकतं, पण चूक नाही. जावाडॉकमध्ये 'ॲट-पॅरम लिस्ट लिस्ट ऑफ यूजर्स' असतं, तिथं पहिला 'लिस्ट' पॅरामीटरचं नाव आणि दुसऱ्यापासून वर्णन सुरू. तो काढलात तर वर्णन 'ऑफ यूजर्स'पासून सुरू होईल.

आपल्याकडच्या कोडमध्ये 'स्मॉल स्मॉल', 'डिफरंट डिफरंट' खूप सापडतं. ते टायपो धरायचं का?

टायपो नाही, ते आपलं इंग्रजी आहे. मराठीत 'लहान लहान', कन्नडमध्ये 'सण्ण सण्ण'. मराठीत 'वेगवेगळे', कन्नडमध्ये 'बेरे बेरे'. दोन्ही भाषांत द्विरुक्तीला स्वतःचा अर्थ आहे, आणि दोन्ही रोज बोलणारा माणूस इंग्रजी लिहितानाही तीच सवय घेऊन येतो. लिहिणाऱ्यानं शब्द जाणूनबुजून दोनदा लिहिलाय. म्हणून एक उडवला की अर्थ जातो.

'रीड वन वन बाइट' बघा. लिहिणाऱ्याच्या मनात 'एक एक बाइट' आहे. एक 'वन' काढला तर 'रीड वन बाइट' होतं, म्हणजे एकच बाइट वाचून थांबतो, आणि कोडमध्ये तर खाली लूप फिरतोय. बरोबर दुरुस्ती 'वन बाइट ॲट अ टाइम'. 'डिफरंट डिफरंट' साठी 'व्हेरियस' किंवा 'सेपरेट', 'स्लोली स्लोली' साठी 'ग्रॅज्युअली'. परदेशातला दुरुस्ती करणारा इथं हमखास चुकतो. तुम्हाला मूळ वाक्य मनातल्या मनात ऐकू येतं, त्याचा फायदा घ्या.

सेडनं (मजकूर आपोआप बदलणाऱ्या आज्ञेनं) एका झटक्यात सगळं का बदलू नये?

'लाँग लाँग' साठी. सी भाषेत तो एक डेटा टाइप आहे, किमान ६४ बिटांचा. सेडनं त्यातला एक 'लाँग' खाल्ला तर उरतो नुसता 'लाँग'. तो ३२-बिट लिनक्सवर ३२ बिटांचा असतो आणि विंडोजवर तर ६४-बिट मशीनवरही ३२ बिटांचाच. गंमत म्हणजे बऱ्याचदा हे विनातक्रार कंपाइल होतं. मोठा आकडा येईपर्यंत काही बिघडलेलं दिसत नाही. चेकपॅचमध्ये 'लाँग' हा शब्द खास अपवाद केलाय तो याचसाठी.

त्याशिवाय हेक्स डंपमधले 'शून्य शून्य', तक्ते, जिथं टाइपचं आणि व्हेरिएबलचं नाव एकच आहे अशा घोषणा, हे सगळं त्याच जाळ्यात येतं. शोधायचं काम मशीनला द्या, बदल हातानं करा. पन्नास जागा असतील तर पन्नास वेळा वाचा. पाच-सहा तासांचं काम नाही ते, दुपारभरात होतं.

कमेंटऐवजी कोटेशनमधल्या स्ट्रिंगमध्ये डबल शब्द सापडला तर?

तो वेगळा विषय आणि वेगळा पॅच. स्ट्रिंग म्हणजे प्रोग्रॅमचं वागणं. एखादी टेस्ट तोच मजकूर शब्दशः जुळवत असते, कुणाचं तरी स्क्रिप्ट लॉगमध्ये तेच वाक्य शोधत असतं. गेटटेक्स्ट (प्रोग्रॅमचं भाषांतर करायचं साधन) वापरणाऱ्या प्रकल्पात मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. तिच्यातलं एक अक्षर बदललं की सगळ्या भाषांतली ती नोंद 'फझी' (पुन्हा तपासायची) होते आणि भाषांतरकारांनी पुन्हा बघेपर्यंत इंग्रजी वाक्य दिसतं. पायथनचं डॉकस्ट्रिंगही (फंक्शनच्या सुरुवातीचं वर्णन) कमेंट नसून स्ट्रिंगच आहे. डॉकऑप्टसारखी लायब्ररी तर त्यातूनच कमांडचे पर्याय वाचते.

कोणत्या फायलींना हात लावायचा नाही?

'व्हेंडर', 'थर्ड पार्टी', 'नोड मॉड्यूल्स' अशा फोल्डरमधला कोड दुसऱ्या प्रकल्पाचा असतो. तिथली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडं पाठवायची. 'जनरेटेड, डू नॉट एडिट' लिहिलेली फाईल पुढच्या बिल्डला पुन्हा तयार होते आणि तुमचा बदल पुसला जातो. तिथं टेम्प्लेट शोधा. लायसन्सचा मजकूर जसाच्या तसा ठेवा, त्यात डबल शब्द असला तरी.

कमेंट बदलून प्रोग्रॅमला काही होणार नाही. मग तपासायचं काय?

एक शब्द काढल्यावर पूर्ण परिच्छेद नव्यानं मांडायचा मोह आवरा. ओळ कमी झाली की खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक सरकतात, आणि सीमधला असर्ट (अट तपासणारा) मॅक्रो ओळीचा क्रमांक बायनरीत घालतो. ओळींची संख्या तीच राहिली तर डीबग माहितीशिवाय कंपाइल केलेली आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाईल (कंपायलरनं बनवलेली) बाइट-बाय-बाइट सारखी यायला हवी; फाईलमध्ये बिल्डची तारीख-वेळ घालणारा मॅक्रो नसेल तर. सारखी आली नाही, तर तुम्ही कमेंटच्या बाहेर काहीतरी हलवलंय.

पाठवण्याआधी गिट डिफला वर्ड-डिफ पर्याय देऊन बघा. ओळींऐवजी फक्त काढलेले आणि घातलेले शब्द दिसतात. एडिटरनं सेव्ह करताना टॅबचे स्पेस केले असतील किंवा ओळीच्या शेवटची मोकळी जागा खाल्ली असेल, तर ते मात्र साध्या डिफमध्येच कळतं. म्हणून दोन्ही बघा.

कमेंट मराठीत किंवा कन्नडमध्ये असतील तर हाच पॅटर्न चालेल?

पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये नाही. त्यातलं बॅकस्लॅश-डब्ल्यू अक्षरं आणि अंक धरतं, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही. 'नमस्ते' या एका शब्दाचे त्याला 'नमस' आणि 'त' असे दोन तुकडे दिसतात. त्यामुळं 'हळू हळू' सापडत नाही. उलट 'काम माझे' ही जोडी पकडली जाते, कारण कान्यानंतरचा सुटा 'म' आणि पुढच्या शब्दाचा कान्याआधीचा 'म' त्याला दोन सारखे शब्द वाटतात. कन्नड लिपीचंही हेच.

उपाय दोन. रेजेक्स नावाचं वेगळं पायथन मॉड्यूल घ्या, किंवा पर्ल वापरा. पर्ल मात्रांना शब्दातच धरतं, फक्त मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचायला सांगावं लागतं. 'ऱ्या'मध्ये अजून एक गोची आहे. कुणाच्या कीबोर्डवर तो नुक्त्याचा 'ऱ' घेऊन बनतो, कुणाच्या साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. स्क्रीनवर दोन्ही सारखे, मशीनला वेगळे, म्हणून अशी जोडी निसटते.

बाकी सापडलेल्या मराठी जोड्यांत 'पुन्हा पुन्हा', 'एक एक', 'जे जे' अशा बरोबर जोड्याच जास्त असणार. अपवादांची यादी आधीच करून ठेवा.

कर्नलचा कोड उतरवताना मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. काय करायचं?

अर्धवट तुटलेला गिट क्लोन (प्रकल्पाची पूर्ण प्रत उतरवणं) पुढं चालू करता येत नाही. जांबोटी-खानापूरकडं पावसाळ्यात हे फार त्रासाचं. आधी 'डेप्थ १' देऊन फक्त ताजी आवृत्ती घ्या, ती लवकर उतरते. नंतर फेचला 'डीपन' पर्याय देऊन इतिहास थोडा थोडा वाढवा. ब्लेम बघायचा तर इतिहास लागतोच; उथळ क्लोनमध्ये ब्लेम जुन्या ओळी भलत्याच, सगळ्यात जुन्या उपलब्ध कमिटच्या नावावर टाकतो.

कमिटच्या संदेशात काय लिहायचं?

पहिल्या ओळीत उपविभागाचं नाव, कोलन (:) आणि काय केलं ते, आज्ञार्थी: 'फिक्स रिपीटेड वर्ड इन कमेंट'. कर्नलमध्ये ही ओळ ७०-७५ अक्षरांच्या आत. खाली एका वाक्यात कोणता शब्द काढला किंवा कशाचं काय केलं. 'द द' चं 'टू द' केलं असेल तर ते मुद्दाम सांगा, नाहीतर तपासणाऱ्याला वाटेल चुकून झालं. 'फिक्सेस' हा टॅग लावू नका, तो बगसाठी आहे. स्टेबल शाखेसाठीही (प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांसाठीही) सुचवू नका. नुसत्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या तिथं घेत नाहीत, तसा लिखित नियमच आहे.

सही म्हणजे 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ. गिट कमिटला लहान एस दिला की ती आपोआप येते. आडनावाचं रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि कायम तेच ठेवा.

कर्नलला पॅच जीमेलच्या वेब पानातून पाठवला तर चालेल का?

नाही. ते टॅबचे स्पेस करतं आणि लांब ओळी तोडतं, मग पॅच लागतच नाही. गिट सेंड-ईमेल वापरा. जीमेलसाठी पोर्ट ५८७ आणि ॲप पासवर्ड लागतो. त्यासाठी खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी लागते. आधी स्वतःलाच पाठवून बघा आणि आलेली मेल गिट एएमनं (मेलमधला पॅच लावणाऱ्या आज्ञेनं) लागते का ते तपासा. कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगतं.

उत्तर यायला वेळ लागतो. आठवडाभर तरी थांबल्याशिवाय आठवण करू नका, आणि दोन आठवड्यांची मर्ज विंडो (कर्नलमध्ये नवे बदल घ्यायचा काळ) चालू असेल तर त्याहून जास्त.

मेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' नं करू का?

नको. पॅचच्या मेलला मायना लागत नाही. उत्तर देताना 'हाय' आणि पहिलं नाव पुरतं, वयानं मोठ्या माणसालाही. त्यात उद्धटपणा नाही, तिथली रीतच ती. समोरच्याच्या मजकुराच्या खाली, मुद्द्याला मुद्दा लावून उत्तर द्यायचं. सगळं वर एकगठ्ठा लिहायचं नाही. दुरुस्ती सुचवली तर नवा पॅच 'व्ही२' म्हणून पाठवायचा आणि काय बदललं ते तीन रेघांच्या खाली लिहायचं, म्हणजे ते इतिहासात शिरत नाही.

असे किती पॅच पाठवावेत?

पहिल्यांदा एक. मग एका उपविभागाचे सगळे एकत्र करून एक. 'द' साठी एक, 'इज' साठी एक असे वीस पॅच पाठवणं म्हणजे दुसऱ्याचा वेळ खाणं. प्रत्येक पॅच कुणीतरी उघडून वाचतो, लावतो, टेस्ट करतो. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी रीडमीत एकेक शब्द बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टचा (बदल घ्यायच्या विनंत्यांचा) एवढा पूर आला की ज्या प्रकल्पांना चालेल त्यांच्याच रिक्वेस्ट धरायच्या, असा नियम करावा लागला.

काही मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) अशा पॅचला सरळ नकार देतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, कारण ब्लेममध्ये ओळीवर खऱ्या लेखकाऐवजी तुमचं नाव येतं. गिट २.२३ पासून असे कमिट वगळणारी यादी ब्लेमला देता येते, पण ती ठेवायची की नाही हे प्रकल्पानं ठरवायचं.

उद्यमबागेतल्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्राच्या) प्रोग्रॅमच्या कमेंटना हे चालेल?

कंसातल्या मजकुरापुरतं चालेल, तेही मशीनवर न करता संगणकावरच्या प्रतीत. कंसाबाहेरची पुनरुक्ती मात्र सोडून द्या. तोच कट लागोपाठ दोनदा दिसला तर तो स्प्रिंग पास असू शकतो. पहिल्या फेरीत टूल दबून जो थोडा माल राहतो, तो दुसऱ्या फेरीत निघतो. ती ओळ 'डबल' म्हणून उडवलीत तर जॉबचं माप बिघडेल.

आमच्या स्वतःच्या कोडमध्ये पुन्हा होऊ नये म्हणून?

प्री-कमिट हुक (कमिट करण्याआधी आपोआप चालणारं स्क्रिप्ट) लावा. त्यात पूर्ण फाईल तपासू नका, फक्त कमिटमध्ये नव्यानं येणाऱ्या, अधिक चिन्हाच्या ओळी तपासा. नाहीतर जुन्या चुकांची यादी बघून पोरं दोन दिवसांत हुक काढून टाकतात. हुकनं कमिट अडवू नये, सूचना द्यावी. 'दॅट दॅट' लिहिणाऱ्याला अडवून उपयोग नाही. आणि हुक क्लोनबरोबर येत नाही. तो रेपॉझिटरीत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येकाच्या मशीनवर 'कोअर डॉट हुक्सपाथ' ही सेटिंग एकदा करावी लागते.